एका मिनिटाची मुलं

आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली की लोक कागदी थाळ्या घेऊन रांगेत उभे राहतात, आणि रांगेतल्या कुणाला तरी मी दिसते. मग हमखास तोच प्रश्न येतो. "काय हो काकू, हे सरकार मुलांसाठी पैसे देतं, म्हणून इथले लोक जास्त मुलं होऊ देतात का हो?" विचारणारा बहुतेक चांगल्या पगाराचा इंजिनियर असतो, त्याला एकच मुलगा असतो, आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. मी त्याला म्हणते, "आधी पुढे सरक. मसालेभात संपेल."

पण प्रश्न खोटा नाही. तो मी स्वतःला आठ वर्षं विचारला आहे, न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातल्या एका छोट्याशा टॅक्स ऑफिसातल्या खिडकीशी बसून.

मूळची मी पुण्याची. एका सहकारी बँकेत पंचवीस वर्षं काढली. आमचे हे रिटायर झाल्यावर मुलाच्या मागे इकडे आलो, आणि दोन वर्षांत तो मुलगाच बायकोच्या नोकरीसाठी मेलबर्नला गेला. आम्ही दोघं राहिलो ह्या दरीत. घरी बसून मी ह्यांचं डोकं खाईन ह्या भीतीने ह्यांनीच मला २०११ मध्ये ब्रूसच्या ऑफिसात नेऊन सोडलं. ब्रूस म्हणजे माझा साहेब. गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून लोकांचे टॅक्स रिटर्न भरणारा. माझं वासंती हे नाव त्याने पहिल्या दिवशीच 'वॅस' करून टाकलं. त्याच्याकडे भारतीय गिऱ्हाईक वाढत होतं आणि त्यांच्या घरातल्या भानगडी त्याला कळत नव्हत्या. "यू नो देअर सीक्रेट्स, वॅस," तो म्हणायचा. मला वाटायचं, हो, मला सगळं कळतं. पुणेकर आहे मी, असं वाटायला मला फारसं काही लागत नाही.

काम समजावून सांगते, सोपं आहे. इथे मुलं असलेल्या कुटुंबाचं उत्पन्न फार नसेल तर टॅक्स खातं दर पंधरवड्याला काही रक्कम बँकेत टाकतं. मुलं जास्त तर रक्कम जास्त, उत्पन्न वाढलं की रक्कम उतरते. गंमत अशी की वर्ष संपायच्या आधीच सांगायचं असतं की यंदा आपण किती कमावणार. अंदाज. तिकडच्यासारखंच इथेही वर्ष मार्चअखेर संपतं, मग अंदाज आणि खरं यांची गाठ घालतात. कमी दिलं असेल तर देतात, जास्त दिलं असेल तर परत मागतात. हा अंदाज बांधायला संगणकावर एक पान होतं. त्यात नवऱ्याचं उत्पन्न, बायकोचं उत्पन्न, अजून काही असेल तर ते, आणि सगळ्यात खाली एक लहानशी चौकट: मुलं किती.

आता त्या चौकटीचं सांगते.

हटच्या दरीत हिवाळ्यात नदीवरून धुकं येतं आणि कधीकधी दुपारपर्यंत हलत नाही. समोरचे डोंगर नाहीसे होतात. स्टेशनात गाडी आली की नुसता आवाज येतो. ऑफिसात हीट पंपाची घरघर, खालच्या बेकरीतून मीट-पायचा वास, आणि मला अर्धी गुंगी. अशात एखादं जोडपं यायचं, समोर बसायचं, आणि सगळं विचारून झाल्यावर दोघांपैकी एक जण खाली बघत म्हणायचं, "आणि समजा दोन असतील तर?" मी चौकटीतला १ खोडून २ लिहायची. पडद्यावर नवा आकडा यायचा. ते दोघं बघायचे. मग "हं, ठीक आहे, थँक यू" म्हणून उठायचे, आणि मी २ खोडून परत १ लिहायची.

त्या मधल्या एका मिनिटात ते मूल असायचं. हसू नका. मला दिसायचं ते. कुणाच्या गालाला खळी, कुणाच्या पायात उलट्या रबरी चपला, कुणी खिडकीच्या काचेवर वाफ करून बोट फिरवतंय. मी खोडायची कळ दाबली की ते उठून त्या धुक्यात निघून जायचं. अशी किती गेली त्याची मी नोंद ठेवली नाही. ब्रूसला एकदा सांगितलं तर त्याने मला चहा करून दिला आणि लवकर घरी जायला सांगितलं.

आणि ज्यांना मंडळातले लोक 'पैशासाठी मुलं होऊ देणारे' म्हणतात ना, त्यांनी ही चौकट कधी पाहिलेलीच नसायची. टोनी नावाचा एक ट्रक ड्रायव्हर होता, पाच मुलांचा बाप. टॅक्स खात्याची न फोडलेली पाकिटं पिशवीत भरून तो वर्षा-दोन वर्षांनी उगवायचा. धाकटीचं नाव अर्जात घालायचंच राहिलं होतं, ती चालायला लागली तरी. मी एकदा धीर करून विचारलं, "टोनी, पाच कशी रे?" तो खो खो हसला. "आय लाइक द नॉइज, वॅस." बस्स, एवढंच त्याचं अर्थशास्त्र.

हिशेब करायची आपली माणसं. त्यात मीही आले. आमचा चिन्मय तीन वर्षांचा असताना आम्ही दोघं कोथरूडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एका रविवारी बसलो होतो. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी आकडे मांडले. मी सांगत होते, हे लिहीत होते. खोल्यांचं भाडं, सासूबाईंची औषधं, शाळा. खाली रेघ मारली आणि दोघांनाही कळलं. दुसरं बसत नव्हतं. कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि मी कुकर लावायला उठले.

असो. निखिल आणि मानसीकडे येते.

२०१३ चा जुलै, म्हणजे इथला भर हिवाळा. धुकं असं की मी दिवसाही दिवे लावले होते. निखिल मूळचा चिंचवडचा, वेलिंग्टनमधल्या एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, रोज गाडीने जा-ये करणारा. मानसी इथल्या फार्मसीत अर्धवेळ. थोरली ईरा चार वर्षांची. मी आधीचं जोडपं उरकेपर्यंत मानसी बाहेरच्या खुर्चीवर बसून टेबलावरची ह्याच पैशांची, म्हणजे टॅक्स क्रेडिटची, पुस्तिका वाचत होती. आत आली तेव्हाही ती तिच्या हातात होती, गुंडाळलेली.

निखिलने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट! नाव दिलेलं होतं 'सेकंड किड'. डे-केअर, नॅपी, मानसीचा बुडणारा पगार, गाडी बदलावी लागेल, सगळं. सगळ्यात खालची ओळ लाल.

"काकू, साधं आहे," तो म्हणाला. "मी हिला प्रॉमिस केलंय. ही ओळ हिरवी झाली तर हो. नाही झाली तर हा विषय परत काढायचा नाही. कायमचा."

"आणि तुला काय वाटतं गं?" मी मानसीला विचारलं.

"मला वाटून काय होतं काकू, शीटला वाटायला हवं," ती हसून म्हणाली. हसली खरी, पण हातातल्या पुस्तिकेची तिने पार सुरळी केली होती.

मी पान उघडलं. त्याचा पगार घातला. तिचं बाळंतपणाच्या वर्षातलं उत्पन्न घातलं. मग विचारलं, "अजून काही?"

"नाही," निखिल म्हणाला. "अजून कुठून येणार?"

इथे थांबते. कारण ब्रूसने मला ज्याच्यासाठी ठेवलं होतं ते नेमकं हेच होतं. आपला माणूस 'अजून काही नाही' म्हणाला की ब्रूस मान डोलावणार, पण वासंतीबाईंनी विचारायला हवं: तिकडे फ्लॅट आहे का? भाडं येतं का? इथे राहणाऱ्याचं उत्पन्न जगात कुठेही असो, ते धरतात. आणि आपल्याकडे दर दुसऱ्या घरी वाकडला नाहीतर रावेतला एक फ्लॅट असतो, मुलाच्या नावावर, आणि भाडं जातं आईच्या खात्यात. मुलाला ते आपलं उत्पन्न वाटतच नाही. आईचे पैसे ते! मी प्रत्येकाला हे विचारत होते. त्या दिवशी विचारलं नाही. मी मानसीच्या हातातल्या त्या सुरळीकडे बघत होते.

चौकटीत २ लिहिला.

आकडा आला. निखिलने तो शीटमध्ये भरला. खालची ओळ क्षणभर लालच राहिली आणि मग हिरवी झाली. अगदी थोडक्यात, काठावर पास.

निखिलने तो आकडा पुन्हा एकदा टाइप करून पाहिला. "चला," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, माझ्याशी हात मिळवला. मानसी दारातून मागे वळली, तेवढ्यात माझा हात २ खोडायला गेला होता. मी तो खोडला नाही. दिवसभर ते पान तसंच उघडं ठेवलं, आणि ते मूल दिवसभर माझ्या खिडकीशी बसून होतं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रेवा झाली.

बाराव्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये बारसं. निखिलची आई खास पुण्याहून आलेली. पाळणा फुलांनी सजवलेला, आम्ही बायका एकमेकींकडे बाळ देत "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करतोय, ईरा मध्येच "माय टर्न, माय टर्न" म्हणत उड्या मारतेय. निखिलने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काकूंची कृपा बरं का. काकूंनी हिशेब बसवला नसता तर आज पाळणा हलला नसता." सगळे हसले. मी फुशारून गेले. बाळ माझ्या मांडीवर होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला वाटलं की खरंच मी काहीतरी मोठं केलं.

मग जेवताना त्याची आई माझ्याशेजारी बसली. साधी, बोलकी बाई. "मला काही कमी नाही हो," घुगऱ्या चिवडत म्हणाली. "पोरगा लांब असला तरी वाकडच्या फ्लॅटचं भाडं एक तारखेला माझ्या खात्यात पडतंच. निखिलच्याच नावावर आहे ना तो. त्यावर माझं छान चालतं."

पलीकडे पाळण्यात ती झोपली होती, टोपडं घालून, बारा दिवसांची. माझ्या डोळ्यांपुढे ती खालची ओळ परत लाल झाली.

सोमवारी ब्रूसला सांगितलं. त्याने आकडेमोड केली आणि म्हणाला, "ऑनेस्ट मिस्टेक, वॅस. वी फिक्स इट." त्याचं सरळ असतं. मग मी निखिलच्या घरी गेले. जी रक्कम परत द्यावी लागणार होती ती काही फार मोठी नव्हती. ती मी भरते म्हणाले, त्याने ऐकलं नाही. त्याने शीट उघडली, भाडं घातलं. ओळ लाल झाली. थोडक्यातच, पण लाल.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या भरवशावर आम्ही..."

आणि थांबला. कारण रेवा त्याच्या खांद्यावर होती, आणि तिने त्याच्या कानापाशी एक जांभई दिली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं.

त्या वाक्याचा उरलेला भाग मी पाच वर्षं ऐकत होते. पैसे त्यांनी फेडले, वाद घातला नाही. पण निखिल परत ऑफिसात आला नाही. मंडळात भेटला तर "काय काकू, बऱ्या ना?" म्हणून पुढे जायचा. रेवा मोठी होताना मी लांबून बघायची, दुकानात, लायब्ररीत. गालाला खळी होती, माझी शप्पथ. तिला बघून जीव सुखावायचा आणि लगेच कसंतरी व्हायचं. ह्या पोरीच्या बापाला ती नको होती आणि माझ्या गलथानपणामुळे ती आली, हे बरोबर घेऊन मी रोज ऑफिसला जायची. त्यानंतर मात्र कुणी 'समजा दोन असतील तर' म्हणालं की मी फ्लॅटचं दोनदा विचारायची. आणि दोनदा विचारल्यावर पुष्कळांची ओळ लाल व्हायची, आणि ती मुलं धुक्यात जायची. काम अगदी चोख. कसला अभिमान धरायचा ह्याचा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी नोकरी सोडली. शेवटच्या शुक्रवारी ब्रूसने केक आणला, चड्डीतच भाषण केलं. दुपारी मी टेबल आवरत होते तर दारात मानसी. हातात लाडवांचा डबा, आणि मागे शाळेच्या ढगळ स्वेटशर्टमध्ये रेवा. इथे मूल पाचव्या वाढदिवसाला शाळेत जातं. रेवाचा तो पहिलाच आठवडा. हातावर, छातीवर स्टिकर चिकटवलेले. बरोबर उत्तर आलं की बाई 'का पाई' म्हणतात, म्हणजे शाब्बास, आणि तसा स्टिकर देतात. ती सरळ माझ्या खुर्चीत चढून बसली आणि कीबोर्ड बडवायला लागली.

"काकू, एक सांगायचं राहिलंय," मानसी म्हणाली. बसली नाही. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"भाड्याचं. बाहेर बसून पुस्तिकेत वाचलं होतं मी. परदेशातलं उत्पन्नही धरतात म्हणून. तुम्ही 'अजून काही' विचारलंत, निखिल नाही म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं ते आईंचे पैसे आहेत. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

मला एकदम संतापच आला. "अगं मुली! पाच वर्षं मी स्वतःला खात बसलेय. पाच वर्षं!"

"म्हणून तर आले." तिचे डोळे भरले होते. "आधी सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी ती ओळ लाल झाली असती ना काकू, तर ही... मी नाही बोलू शकले. चूक तुमची नव्हती. चूकच नव्हती ती."

"निखिलला सांगितलंस?"

"मागच्या रविवारी. हिचा युनिफॉर्म आणला तेव्हा." तिने डोळे पुसले. "ऐकून घेतलं. मग म्हणाला, काकूंना सांगून ये. आणि त्या शीटचं विचारलं तर म्हणतो, पासवर्ड विसरलो."

मी खिडकीतून बघितलं. खाली धुक्यात त्यांची गाडी उभी होती आणि निखिल तिला टेकून उभा होता. त्याने वर बघून हात हलवला. मी हलवला. पाच वर्षं अर्धं राहिलेलं ते वाक्य मग मी ऐकायचं सोडून दिलं.

म्हणजे पैशामुळे मूल होतं का? आता रांगेत विचारणाऱ्याला मी काय सांगू? ज्याला गोंगाट आवडतो त्याने पाकीटही फोडलेलं नसतं. जो घाबरलेला असतो त्याला हो म्हणायला कुणीतरी एक आकडा द्यावा लागतो. आणि तो आकडा पुरेनासा झाला की कुणाला तरी गप्प बसावं लागतं. मानसी गप्प बसली. मीही एका रविवारी गप्प बसले होते, पण मी दुसऱ्या बाजूने.

"आजी, हाऊ मेनी किड्स यू गॉट?" रेवाने विचारलं. ते पान पडद्यावर उघडंच होतं आणि तिने चौकटीत ओळीने २२२२ लिहून ठेवले होते. संगणक लाल अक्षरांत काहीतरी तक्रार करत होता.

"एक," मी म्हणाले.

"ओन्ली वन? व्हाय?"

मानसीने तिला दटावलं, पण पोरगी माझ्याकडे बघत राहिली, खरं उत्तर हवं असल्यासारखी. ते कॅलेंडर, ती रेघ, तो कुकर, सगळं माझ्यासमोर आलं. त्या रविवारी मला दुसरं हवं होतं. मी ते म्हटलं नाही, कारण आकडे माझ्याच तोंडून गेले होते.

"अगं, आम्ही पण हिशेब केला होता," मी म्हणाले. "आमचा बरोबर आला."

रेवाला ते पटलं. तिने स्वेटशर्टवरचा एक स्टिकर नखाने हळूच सोडवला, माझ्या हाताच्या पाठीवर चिकटवला आणि त्यावर बोटाने दाबून म्हणाली,

"का पाई, आजी."